बडनेऱ्याची गाडी आणि बाळाची भूक

अमरावतीहून अकोल्याला रोज अपडाऊन करणाऱ्या बाईचा दिवस एकदा घड्याळावर मांडून पाहा. सकाळी सातला घर सोडावं लागतं, कारण शहरातून बडनेरा स्टेशन गाठायलाच अर्धा तास जातो. बडनेरा ते अकोला रेल्वेनं सुमारे ८० किलोमीटर, गाडी वेळेवर असली तर सव्वा-दीड तास. मूर्तिजापूर आलं की निम्मं अंतर सरतं. अकोल्याला उतरून ऑटो, मग कचेरी. संध्याकाळी हेच सगळं उलट. घराची कडी वाजते तेव्हा साडेसात-आठ झालेले असतात. म्हणजे घराबाहेर साडेबारा-तेरा तास. सहा-सात महिन्यांचं लेकरू साधारण दर तीन तासांनी पितं. त्याचं चार वेळचं दूध आईविना जातं.

हा लेख त्या चार वेळच्या दुधाबद्दल आहे. ते कुठून येतं, कसं टिकतं, कोण पाजतं आणि आईच्या अंगाचं त्या बारा तासांत काय होतं, हे नीट समजलं तर नोकरी आणि अंगावरचं दूध दोन्ही चालू राहू शकतं. माझ्या लेकीच्या वेळी मी वर्षभर हे केलं. डब्यात शिक्षिका होत्या, बँकेतल्या होत्या, नर्स होत्या. आम्हाला जे कळलं ते एकमेकींकडून, आणि बरंचसं उशिरा. म्हणून पहिल्यापासून सांगते.

सुरुवात रजेपासून करावी लागते. प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. २०१७ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. अट एवढीच की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या ठिकाणी निदान ८० दिवस काम झालेलं हवं. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि बाळानं फक्त अंगावर प्यावं असा काळही सहा महिन्यांचा. हिशेब बरोबर जुळतो असं वाटतं. पण या २६ पैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीआधी घेता येते, आणि ती घेतली की बाळंतपणानंतर हातात उरतात १८ आठवडे. बाळ जेमतेम चार महिन्यांचं असताना आई गाडीत बसते. चार महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज काहीच देता येत नाही. सहा महिने पूर्ण झालेलं बाळ दिवसातून दोन वेळा मऊ भातही खातं. या दोन महिन्यांनी सगळं सोपं किंवा अवघड होतं. म्हणून डॉक्टर हो म्हणत असतील आणि तब्येत साथ देत असेल, तर रजा शक्य तितकी पुढच्या बाजूला राखावी. राज्य सरकारी नोकरीत प्रसूती रजा १८० दिवसांची आहे, आणि २०१८ पासून पूर्ण सेवेत मिळून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ती वापरता येते. अनेक जणी ती दहावीच्या वर्षासाठी जपून ठेवतात. माझं मत, तिचा थोडा भाग पहिल्या वर्षातच खर्च करावा.

ही रजा सहज मिळालेली नाही, हेही इथे सांगायला हवं. १९२८ साली मुंबई विधान परिषदेत कारखान्यातल्या बायकांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली होती, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. वऱ्हाड तेव्हा मुंबई प्रांतात नव्हतं, म्हणून तो कायदा इथल्या बायकांसाठी नव्हता.

आता दुधाकडे येऊ. दूध टाकीत साठवल्यासारखं अंगात साठत नाही. जितकं बाहेर निघतं तितकं नव्यानं तयार होतं. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात: प्रोलॅक्टिन दूध तयार करवतं आणि ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलतं. पान्हा फुटणं म्हणतो ते हेच. बाळाची आठवण आली, दुसऱ्याचं लेकरू रडलं, तरी पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे. दूध बाहेर निघालंच नाही तर ते दाटतं, छाती दगडासारखी होते, आणि शरीराला निरोप जातो की आता एवढं नको. दोन-तीन आठवडे रोज बारा तास असेच गेले की दूध आटायला लागतं. तेव्हा बायका म्हणतात, "नोकरी लागली अन् माझं दूधच गेलं." नोकरीनं ते जात नाही, दिवसभर न काढल्यानं जातं. हा फरक मला कोणी आधी सांगितला असता तर माझा पहिला महिना वाचला असता.

त्या पहिल्या महिन्यात एकदा मीटिंग लांबली आणि संध्याकाळची नेहमीची गाडी चुकली. पुढच्या गाडीत बसले तेव्हा शेवटचं पाजून तेरा तास झाले होते. बोरगाव गेलं आणि समोरच्या बाकावरचं कोणाचं तरी तान्हं रडायला लागलं. ब्लाऊज भिजला, पदर भिजला, मी ओढणीसारखा रुमाल धरून बसले. समोरच्या आजींनी एकदा पाहिलं, आपल्या जागेवरून उठल्या आणि म्हणाल्या, "इकडं खिडकीपाशी बस व माय, तोंड तिकडं कर." घरी पोचेपर्यंत डाव्या बाजूला गाठ आली होती, रात्री ताप भरला. अशी गाठ आली, कातडी लाल झाली, ताप आला तर घरचे उपाय करत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. आणि त्या बाजूनं पाजणं थांबवू नये. दूध निघत राहिलं तरच गाठ उतरते.

दूध काढायचं म्हणजे कसं, ते जवळून सांगते. पंप विकत मिळतो, हातानं चालणारा आणि विजेवरचा. पण प्लग नसलेल्या खोलीत, भारनियमनात आणि खर्चाच्या दृष्टीनं हातासारखं साधन नाही. साबणानं हात धुवायचे. रुंद तोंडाची स्टीलची वाटी किंवा फिरकीचा छोटा डबा सकाळी दहा मिनिटं उकळून, कोरडा करून, स्वच्छ फडक्यात बांधून आणलेला असतो. तो समोर धरायचा. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, इंग्रजी सी अक्षरासारखी, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या दिशेनं आत दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणायची, मग सोडायचं. कातडीवरून बोटं घासायची नाहीत; घासलं की फक्त दुखतं. पहिली दोन मिनिटं नुसते थेंब येतात आणि बाई हिरमुसते. तिथेच थांबायचं नसतं. मोबाईलवर बाळाचा फोटो उघडून ठेवावा. हसू नका, पान्हा त्यानं खरंच लवकर येतो. मग धार लागते. एका बाजूची धार मंदावली की दुसरी बाजू, मग पुन्हा पहिली. एकूण वीस ते तीस मिनिटं. सुरुवातीला ३० मिलिलिटर निघालं तरी पुरे. आठवड्याभरात हात बसतो आणि एका वेळी १०० पर्यंत जातं. रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी घरी सराव सुरू करावा, सकाळचं पहिलं पाजून झाल्यावर, कारण तेव्हा दूध भरपूर असतं.

किती लागतं याचाही अंदाज हवा. सहा महिन्यांपर्यंतचं बाळ चोवीस तासांत साधारण ७५० ते ८०० मिलिलिटर पितं. बारा तासांचं अंतर धरलं तर ३५० ते ४००. कचेरीत दोनदा काढलेलं आणि घरी पहाटे काढलेलं मिळून त्यातलं बरंचसं जमतं. आज काढलेलं उद्या बाळ पितं, अशी एक दिवसाची साखळी. शुक्रवारी काढलेलं सोमवारसाठी.

आता वऱ्हाडाच्या उन्हाचा प्रश्न. पुस्तकांत लिहिलेलं असतं की काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं. पण ती खोली २५ अंशांची किंवा त्याहून थंड धरलेली आहे. अकोल्यात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला जातो. पंख्याखालच्या खोलीतही २५ अंश कुठून आणणार? मार्च ते जून आपल्याकडे दूध बाहेर ठेवायचंच नाही असा नियम करावा. कचेरीत फ्रिज असेल तर काढल्याबरोबर आत, दाराच्या कप्प्यात नाही, मागच्या बाजूला. फ्रिजमध्ये चार अंशांना ते चार दिवस चांगलं राहतं. फ्रिज नसेल तर गोठवलेले जेल पॅक घातलेली थंड पिशवी. ती नीट बंद राहिली तर चोवीस तासांपर्यंत चालते, आपल्याला तर संध्याकाळपर्यंतच हवी असते. पिशवी खिडकीच्या उन्हात ठेवू नये आणि उगाच उघडून पाहू नये. घरी वीज गेली तर फ्रिजचंही तेच, दार बंद ठेवावं. डब्यावर तारीख आणि वेळ लिहिलेली चिकटपट्टी लावायची आणि जुनं आधी वापरायचं.

फ्रिजमधल्या दुधावर साय वेगळी होते, खाली निळसर पाणी दिसतं. घरच्या बाईला वाटतं नासलं. नासलेलं नसतं, अलगद फिरवलं की एक होतं. गरम करायला गॅसवर ठेवायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. कोमट पाण्याच्या भांड्यात डबा उभा ठेवायचा. एकदा पाजायला घेतलेलं दोन तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. टाकताना जीव तुटतो, म्हणून एका डब्यात ६० ते ९० मिलिलिटरच भरावं.

पाजायचं कशानं? बाटली सोडून. वाटी-चमचा किंवा आपल्या आज्यांचं बोंडलं. बाटलीची चोखणी धुवायला अवघड, उन्हाळ्यात हगवणीचं मूळ तीच, आणि बाटलीची सवय लागलेलं बाळ संध्याकाळी अंगावर ओढायला कंटाळतं. दुधाच्या बाटल्या आणि डब्याच्या दुधाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, ती उगाच नाही. बाळ मांडीवर बसतं धरून, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची आणि त्याला स्वतःच्या वेगानं पिऊ द्यायचं. ओतायचं नाही. हे काम आईनं शिकवू नये, कारण आईच्या अंगाचा वास आला की बाळ वाटी झिडकारतं. आमच्याकडे पहिले चार दिवस माझ्या सासूबाईंनी पाजलं आणि मी शेजारच्या घरी जाऊन बसले.

सासूबाईंशी माझा एकच वाद झाला, पाण्यावरून. "लेकराले दोन चमचे पानी तं पाज, ऊन किती हाये!" हे वाक्य वऱ्हाडातल्या प्रत्येक घरात मे महिन्यात ऐकू येतं आणि त्यामागे माया असते. पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी लागत नाही, कितीही ऊन असलं तरी. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. वरच्या पाण्यानं एवढंसं पोट भरतं, दूध कमी जातं, आणि पाणी उकळलेलं नसलं तर पोट बिघडतं. बाळाला तहान लागली तर त्याला जास्त वेळा पाजायचं आणि आईनं स्वतः जास्त पाणी प्यायचं. मी हे सांगून पटलं नाही. डफरीन दवाखान्यातल्या सिस्टरांनी सांगितलं तेव्हा पटलं. वाद घालण्यापेक्षा आजीला लसीकरणाच्या दिवशी सोबत न्यावं, हा माझा अनुभव. बाळाला पुरेसं मिळतंय का याची खूणही सिस्टरांनीच दिली: चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले झाले तर पुरेसं आहे. त्याहून कमी, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल, असं दिसलं तर लगेच दवाखाना.

सहा महिने पूर्ण झाले की आजीचं राज्य सुरू होतं, आणि ते व्हायलाच हवं. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून, भरड दळलेलं खिमट. त्यात तुपाचा थेंब. ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज. फक्त वरणाचं पाणी देऊन थांबू नये. चमचा तिरपा केला तर पदार्थ पाण्यासारखा गळता कामा नये, कारण पातळ पाण्यात पोट भरतं आणि ताकद मिळत नाही. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. मध मात्र वर्षापर्यंत नाही. या दिवसांत चारपैकी दोन वेळा खिमटानं भागतात आणि कचेरीतला भार हलका होतो.

रात्रीबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. दिवसभर आई नसलेलं बाळ रात्री वसुली करतं. आधी एकदा उठणारं लेकरू तीनदा उठायला लागतं. लोक म्हणतात, दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. खरं तर रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं आणि रात्रीचं पाजणंच दुसऱ्या दिवसाचं दूध राखतं. बाळाला जवळ घेऊन पाजावं, आणि सकाळचा डबा, केर, पाणी भरणं हे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावं. नवऱ्यानं करावं असं स्पष्टच लिहिते. रात्री तीनदा उठलेल्या बाईनं पाचला पोळ्या लाटायच्या, ही मोठेपणाची गोष्ट नाही.

बाळाला घेऊन प्रवास करायचा असेल तर गणित निराळं, आणि खरं तर सोपं, कारण दूध सोबत असतं. आमचा पहिला प्रवास शेगावचा, लेक पाच महिन्यांची असताना. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत पोचेल अशी गाडी बघावी. बाळाला एकच सुती झबलं. कुंची आणि दुपट्यात गुंडाळून आपणच त्याला तापवतो. दोन जोड कपडे, सहा लंगोट, ओले लंगोट ठेवायला वेगळी पिशवी, एक मोठी सुती ओढणी. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत आणि एसटीत तिकीट लागत नाही. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मंच तिकीट आहे. एसटीत मागच्या चाकावरची सीट घेऊ नये, मधली घ्यावी. अमरावती-अकोला रस्त्याच्या एका पट्ट्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला होता. रस्ता झाला, तसं त्या रस्त्याकडेला बाळाला पाजायला सावलीची, आडोशाची जागाही व्हायला हवी. आणि स्कूटीवर बाळाला पुढे उभं करून नेणाऱ्यांना विनंती: फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर सुरक्षा पट्टा सक्तीचा आहे, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेटही, आणि वेग ताशी ४० च्या आत.

आपल्या बसस्थानकांवर पाजण्याच्या खोलीला हिरकणी कक्ष म्हणतात. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि कडा उतरून गेलेली आई, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. महाराजांनी तिथे बुरूज बांधला, म्हणजे ज्या वाटेनं ती उतरली ती त्यांनी बंद केली, आणि बुरुजाला तिचं नावही दिलं. आपण नाव तेवढं घेतलं. एका स्थानकावर मला हा कक्ष सापडला, पण कुलूप लावलेला, आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी रसवंतीच्या मागे, ओढणीखाली पाजलं. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनातही अशा खोलीची गरज साऱ्या राज्याला दिसली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सार्वजनिक जागी अशा खोल्या असाव्यात यावर भर दिला. खोलीला लागतं तरी काय? पाठ टेकेल अशी खुर्ची, आतून कडी, पंखा, हात धुवायला नळ, एक प्लग.

पाळणाघराचंही असंच. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता यावं, असं २०१७ च्या दुरुस्तीनं ठरलं. वऱ्हाडात इतक्या मोठ्या आस्थापना थोड्याच. बाकीच्यांना आजी, आत्या किंवा गल्लीतल्या मावशी. अंगणवाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही; २०२२ पासूनच्या मिशन शक्तीतली पाळणा योजना अंगणवाडीला पाळणाघर जोडण्यासाठी आहे. ती सगळ्यात आधी कुणाला मिळावी हे मला गाडीच्या खिडकीतून रोज दिसायचं. दिवाळीच्या सुमारास कुरूम-माना भागात कापूस वेचणाऱ्या बायका, बांधावरच्या निंबाला बांधलेली झोळी, आणि झोळीला हलका झोका देणारी पाच-सहा वर्षांची बहीण. वेचणीची मजुरी किलोवर. त्या बाईनं बाळाला पाजायला अर्धा तास बसायचं तर तेवढा कापूस कमी. तिच्यासाठी २६ आठवडे नाहीत, कामात पाजण्यासाठी विराम नाहीत, काहीच नाही. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, तेवढाच आधार.

ज्यांच्या हाती नियुक्तीपत्र आहे त्यांनी निदान हक्काचं मागावं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोन विराम, हे १९६१ च्या कायद्यात पहिल्यापासून होतं आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही आहे. सरकारी सेवेचे नियम वेगळे, पण अर्ज तिथंही करता येतो. मी मागितले नव्हते, मला ठाऊकच नव्हतं. वर्षभर जेवणाची सुट्टी जेवण न करता वापरली. तुम्ही रुजू होण्याच्या अर्जासोबत दुसरा कागद द्या. त्यात एवढंच लिहा: "माझे बाळ अमुक तारखेला पंधरा महिन्यांचे होईल. तोपर्यंत मला कामाच्या वेळेत रोज दोन स्तनपान विराम मिळावेत, आणि त्यासाठी आतून कडी लागणारी खोली व एक खुर्ची उपलब्ध करून द्यावी." खाली सही, तारीख. एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या.